नावाचं कडवं

सिडको, नाशिक
१२ जानेवारी २०२५

चि. अंजली हिस,
सावळीराममामाचा सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद.

तुझं रजिस्टर पत्र मंगळवारी मिळालं. पोस्टमनने सही घेतली आणि विचारलं, "बाबा, कोर्टाचं का?" मी म्हटलं, भाचीचं आहे. त्याचा काही विश्वास बसला नाही. भाची कशाला रजिस्टर करेल, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. पाकिटावरचं अक्षर बघून मला मात्र बरं वाटलं. निफाडच्या शाळेत इतकी वर्षं फळ्यावर लिहून तुझं अक्षर छान गोल झालं आहे.

इकडे सगळे ठीक. तुझ्या मामीच्या गुडघ्यांनी थंडीपायी संप पुकारला आहे. संघर्षची अंबडच्या कंपनीत पाळी बदलली, त्यामुळे बाप-लेकाची गाठ फक्त सकाळच्या चहाला पडते. माझा उजवा कान आता पूर्ण गेला आणि डाव्यात यंत्र बसवलं आहे. ढोलकीचा एक ठोका इकडचा तिकडे झाला तर मी ढोलकीवाल्याच्या अंगावर ओरडायचो, त्या मला आता कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. म्हणून त्या दिवशी फोनवर तुझं निम्मं बोलणं मला कळलंच नाही आणि मी भलत्या ठिकाणी हो-हो करत बसलो. तू रागावून फोन ठेवलास असं सूनबाई म्हणते. पत्र लिहिलंस ते बरं केलंस.

मला जे समजलं ते लिहितो, चुकलं तर सांग. तू मालनची गाणी मोबाईलवर रेकॉर्ड करून तुझ्या चॅनेलवर टाकतेस. एकेचाळीस झाली. त्यातलं 'सात पायऱ्यांची शाळा' टाकलंस तेव्हा मुंबईच्या एका म्युझिक कंपनीने हे आमचं गाणं आहे म्हणून तक्रार केली आणि ते काढायला लावलं. मग तुझ्या शाळेतल्या मुलींनी तेच गाणं स्नेहसंमेलनात म्हटलं, तेही काढलं. दोन स्ट्राइक झाले. तिसरा झाला की सगळा चॅनेल बंद, मालनच्या एकेचाळीस गाण्यांसकट. तू कंपनीला कळवलंस की गाणं माझ्या आईने रचलं आहे. त्यांचं उत्तर आलं की आमच्याकडे १९९५ची मूळ कॅसेट आहे, तिच्या डबीतल्या कार्डावर या गाण्यापुढे 'पारंपरिक' छापलंय, कोणा मालनबाईंचं नाव नाही. शब्द परंपरेचे आणि चाल व रेकॉर्डिंग आमचं. पुरावा असेल तर फेब्रुवारीअखेर पाठवा. कॅसेटचा करार माझ्या सहीने झाला होता, म्हणून 'हे गाणं माझ्या बहिणीने केलं' एवढं मी एका कागदावर लिहून द्यावं, असं तुझं म्हणणं.

अंजी, तीस वर्षं झाली त्याला. तेव्हाचं जग तुला सांगून पटणार नाही. आम्ही गायन पार्टीवाले भीमजयंतीच्या महिन्यात टेम्पोत पेटी-ढोलकी टाकून पार नामपूरपर्यंत जायचो, पहाटेपर्यंत गायचो, पण लोक आम्हाला 'गायनवाले' म्हणायचे. कॅसेट निघाली की मगच माणूस शाहीर. आणि कॅसेट कोणाची काढायची ते मेनरोडवरच्या 'गोदातरंग'चा सोमनाथशेठ पान चघळत ठरवायचा. त्याच्या दुकानाबाहेरच्या बाकड्यावर मी दोन वर्षं बसलो आहे. आता तू स्वयंपाकघरात मोबाईल डब्याला टेकवून ठेवतेस, मालन भाकरी थापता थापता गाते, आणि दुबईतला माणूस 'ताई, रडवलंत' असं खाली लिहितो. तुला कोणाच्या बाकड्यावर बसावं लागलं नाही याचा मला खरंच आनंद वाटला होता. पण कॅसेटचा धंदा बसला तेव्हा शेठने सगळ्या टेपा मुंबईला विकून टाकल्या, त्यांनी त्या धुऊन-पुसून नेटवर चढवल्या, आणि आता त्यांच्या यंत्राला तुझ्या स्वयंपाकघरातली चालही ओळखू येते. शेठचं दार निदान दिसत तरी होतं. हे दार कुठे आहे तेच कळत नाही.

गाणं एवढं चालेल असं कोणाला वाटलं होतं? कॉलेजच्या मुली जिन्यावर उभ्या राहून रील करतात,

सात पायऱ्यांची शाळा गं, सात पायऱ्यांची शाळा
लेक चढली, मी राहिले, मोजीत बसले वेळा

आणि एकेक ओळीला एकेक पायरी चढतात. अडतीस लाख लोकांनी पाहिलं म्हणे. म्हणून तर ते न्यूज पोर्टलवाले माझ्याकडे कॅमेरा घेऊन आले. ती मुलाखत तू पाहिलीस आणि तुला लागली, असं तू लिहिलंस. त्यात मी एवढंच म्हणालो की हे गाणं लोकांचं आहे. त्यात खोटं काय आहे? पार्टीत गाणं कोणी केलं हे नेमकं सांगता येत नाही. एक जण ओळ टाकतो, दुसरा जोडतो, तिसरा चाल वळवतो.

शेवटचं कडवं कॅसेटवर का नाही, असंही विचारलंस. टेप संपली होती. साइड बीचं ते शेवटचं गाणं. नावाचं कडवं राहून गेलं. आपल्यात कवी शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतो, ते तेवढं राहिलं. आणि कार्डावर काय छापलं जाईल ते प्रेसवाल्याच्या हातात असायचं.

माझं ऐकशील तर ते एक गाणं सोडून दे. बाकीची चाळीस वाचतील. मालन नवीनही करेल, तिला कुठे तोटा आहे.

ती काय म्हणते ते तू लिहिलं नाहीस. तिला माझा जयभीम सांग.

तुझा मामा,
लोकशाहीर सावळीराम पगारे


सिडको, नाशिक
२४ जानेवारी २०२५

चि. अंजली हिस,
जयभीम.

पत्र मिळालं. यावेळी तू वर 'तीर्थरूप मामा' लिहिलं नाहीस, नुसतं 'मामा' लिहिलंस. असो. आम्ही बरे आहोत.

मालनला विचारल्यावर ती एवढंच म्हणाली, "मामाला इचार. त्याला म्हाईत हाय." हे वाक्य तू पत्रात वेगळ्या ओळीत लिहिलंस. मास्तरणीची ही सवय मला ठाऊक आहे, महत्त्वाचं ते वेगळ्या ओळीत. मला काय माहीत आहे, अंजी? मला एवढं माहीत आहे की मी नसतो तर तुझ्या आईचा आवाज कोणत्याच टेपवर आला नसता. तिच्या सासरच्यांना मी समजावलं. तिला स्टुडिओत मी नेलं. माइकसमोर कुठे उभं राहायचं ते मी दाखवलं. हे कोणी लिहीत नाही.

तरी तुझ्या शब्दाखातर मी मेनरोडला जाऊन आलो. 'गोदातरंग'च्या जागी आता मोबाईलची कव्हरं लटकतात. सोमनाथशेठ चार वर्षांपूर्वी वारला, दुकानात त्याचा रोहित बसतो. त्याने मला ओळखलं, पाया पडला आणि लगेच एक रील दाखवलं. मी म्हटलं, जुने कागद आहेत का? पोटमाळ्यावरून त्याने एक फाइल काढून दिली. पार्टीने कार्डासाठी भरून द्यायचा फॉर्म त्यात होता, गाण्याचं नाव, गीतकार, गायक असा. उंदरांनी कोपरे खाल्लेत. शाई पुसट झाली आहे. त्यावरून काही ठरवता येईल असं मला वाटत नाही.

रोहितने कंपनीने चढवलेलं गाणं त्याच्या मोठ्या हेडफोनवर लावून दिलं. यंत्र काढून तो मी डाव्या कानावर घट्ट दाबला तेव्हा बरंच ऐकू आलं. खाली लोकांनी लिहिलंय ते त्याने वाचून दाखवलं. बऱ्याच जणांना एकच प्रश्न पडला आहे. गाणं संपतं, पेटी थांबते, आणि अगदी शेवटी बाई 'मा' म्हणते, ते काय? कॅसेटवर खरखरीत ते कधीच कळत नव्हतं, आवाज स्वच्छ केल्यावर वर आलं. पोर्टलवाल्या मुलीनेही मला ते विचारलं होतं. मी सांगितलं, 'माय' म्हणत असेल. बाईमाणूस दमली की म्हणते.

आणखी एक बातमी आहे, तुला आवडेल की नाही माहीत नाही. त्याच पोर्टलतर्फे सोळा फेब्रुवारीला मला जीवनगौरव देणार आहेत. शालिमारजवळच्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे. पत्रिका छापून आली, वर माझा फोटो आणि खाली 'सात पायऱ्यांची शाळा या अजरामर गीताचे शाहीर'. मी त्यांना म्हटलं, एवढं मोठं लिहू नका. ते म्हणाले, सर, लोक त्यासाठीच येणार आहेत.

तू लिहिलंस की रविवारी येते, समोरासमोर बोलू. येऊ नकोस. रविवारी मी घरी नाही. नंतरच्या रविवारचंही सांगता येत नाही.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी विसरणार नाही. 'तुम्ही खोटं बोलत असाल असं मला वाटत नाही, पण तुम्ही काही तरी बोलत नाही आहात.' सत्तर वर्षांच्या माणसाला असं लिहितात का? तुला अंगाखांद्यावर खेळवलं आहे मी.

सावळीराम पगारे


सिडको, नाशिक
६ फेब्रुवारी २०२५

अंजी,
जयभीम.

तुझं पाकीट सोमवारी आलं. आत पत्र नव्हतं. एक फोटो होता आणि त्याच्या मागे एकच ओळ: 'मामा, आईच्या पिठाच्या डब्यावर हा शब्द कसा आला?'

फोटो मी खिडकीशी नेऊन पाहिला. स्टीलचा मोठा डबा, आणि भांड्यावर जिथं नाव घालतात तिथं ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं: पारंपरिक, दि. ७-५-९५.

हा डबा मी कधी पाहिला नव्हता. पाहिला असेल तर वाचला नव्हता. पण तो शब्द तिथं कसा आला ते मला बघताक्षणी कळलं, आणि मी खाली बसलो. मामीने विचारलं काय झालं, तर मी म्हटलं, चक्कर आली. म्हणजे तेव्हाही खोटंच बोललो. आता पहिल्यापासून सांगतो.

गाणं तुझ्या आईचं आहे. शब्द तिचे, चाल तिची, सगळं तिचं. तू पहिलीत गेलीस त्या जूनमध्ये तिने ते केलं. तुला शाळेत सोडायला यायची आणि पायऱ्यांखाली थांबायची, वर चढायची नाही, कारण वर सगळे लिहिता-वाचता येणारे. आठ दिवसांनी तिने मला ते चुलीपाशी म्हणून दाखवलं. मी पार्टीसाठी तोवर साठ-सत्तर गाणी केली होती, यमकं जुळवून, वह्या भरून. तिचं ऐकलं. मला त्या क्षणी कळलं की असं एकही गाणं माझ्या वहीत नाही. बहिणीचं कौतुक वाटायला हवं होतं. मला तिचा हेवा वाटला, अंजी. सख्ख्या धाकट्या बहिणीचा, जिला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं तिचा.

नंतर तालमीत ढोलकीवाला म्हणाला, "शाहीर, बाईंचं गानं लय वरचढ हाय." सोमनाथशेठ म्हणाला, हे पहिलं घ्या, साइड एला. मी ते साइड बीला शेवटी टाकलं.

टेप संपली नव्हती. त्या कॅसेटवर साइड बीला अजूनही तीन मिनिटं कोरी आहेत, कोणाकडे असेल तर लावून बघ. चार कडवी झाली, नावाच्या कडव्यासाठी मालनने श्वास घेतला, आणि मी पेटीचा भाता सोडून हात वर केला. ढोलकी थांबली. काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाल्याने बटण दाबलं, पण तेवढ्यात तिच्या तोंडून पहिलं अक्षर निघून गेलं होतं. ते 'माय' नाही. ते 'मालन' आहे. तिचं कडवं असं होतं:

मालन म्हणे, माझा अंगठा शाईनं झाला काळा
लेक लिहील नाव माझं गं, सात पायऱ्यांची शाळा

ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, टेप संपली. ती म्हणाली, "आसं व्हय," आणि पदर सारखा करून बाजूला झाली.

मग फॉर्म. तो पुसट नाही. तीस वर्षांची शाई कालच्यासारखी स्वच्छ आहे. सात गाण्यांपुढे 'सावळीराम पगारे', आणि आठव्यापुढे माझ्याच अक्षरात 'पारंपरिक'. माझं नाव तिथं घालायची माझी हिंमत झाली नाही, आणि तिचं घालायचं नव्हतं. तेव्हा मधला एक शब्द सापडला, ज्यात कोणीच नसतं. मी स्वतःला समजावलं की यात चोरी नाही, मी काही तिचं माझ्या नावावर केलं नाही. हे मी तीस वर्षं स्वतःला समजावतो आहे. मुलाखतीतही तेच वेगळ्या शब्दांत बोललो.

प्रेसवाल्याचा काही दोष नाही. त्याने मी लिहिलं ते छापलं. मुंबईच्या कंपनीवरही मी मनातल्या मनात खूप तोंडसुख घेतलं, पण तिच्या हातात हे हत्यार मीच दिलं. मालनचं नाव तिथं असतं तर त्या लोकांना तुला असं उत्तर देता आलं नसतं.

आता खरं लिहायचं ते पुढेच आहे. कॅसेट आली त्या संध्याकाळी मी तुमच्या घरी गेलो. तू पाटीवर काही गिरवत बसली होतीस. मालनने हात पुसून कार्ड घेतलं, उलटसुलट केलं आणि विचारलं, "दादा, माजं नाव कुठं हाय?" मला सांगता आलं असतं की छापायचं राहिलं. ती काहीच बोलली नसती. पण तिचा चेहरा इतका उजळला होता की मी तिचं बोट धरलं आणि त्या शब्दावर ठेवलं. म्हटलं, हे बघ, हे तुझं. तिने त्या शब्दावरून हळूहळू बोट फिरवलं. म्हणाली, "लय लांब हाय की माजं नाव."

त्यानंतर महिन्याभरात तिने भांडीबाजारातून तो डबा घेतला असणार. नाव घालणाऱ्याने विचारलं असेल, काय घालू? आणि तिने पदरातून कार्ड काढून तो शब्द दाखवला असेल, हे घाला. त्याला काय, दिवसाला पन्नास नावं घालणारा माणूस. दाखवलं तसं ठोकून दिलं.

 काल, बुधवारी, सकाळच्या बसने निफाडला गेलो. तू शाळेत असशील हे बघूनच गेलो, तेवढा भित्रेपणा अजून आहे. मालन ओट्यावर मेथी निवडत होती. तिने पाणी दिलं, चहा टाकला. तिने तुला यातलं काही सांगितलं नसेल, म्हणून मी जसंच्या तसं लिहितो.

मी म्हटलं, "मालन, त्या कार्डावर तुझं नाव नव्हतं."

ती मान वर न करता म्हणाली, "म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"अंजी तिसरीत व्हती. डबा घासता घासता तिनं वाचलं. म्हनली, आई, हे तुजं नाव नाय, हे वायलंच काय हाय. मी म्हनलं, दुकानवाल्यानं चुकून घातलं आसंल. मंग ती शाळंत गेल्यावर म्या कार्ड काढलं आन् डब्याला लावून पाह्यलं. येकसारखंच व्हतं."

अंजी, तुला ते आठवतं का मला माहीत नाही. लेक वाचायला शिकली म्हणून जिने गाणं केलं, तिला लेकीच्याच तोंडून कळलं की आपलं नाव कुठेही नाही. आणि त्यानंतर ती पार्टीत यायची बंद झाली. सासरचे सोडत नसतील असं मी सगळ्यांना सांगायचो. मी तिला एकदाही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं.

मी म्हटलं, "मग तेव्हाच मला का नाही बोललीस?"

ती म्हणाली, "बोलले आसते तर तू आजून येक खोटं बोलला आसता. मला ते आयकायचं नव्हतं."

चहा उतू गेला. तिने उठून गॅस बंद केला, उरलेला चहा दोन कपांत केला. मी म्हटलं, तो डबा तरी कशाला ठेवलास इतकी वर्षं? तर म्हणाली, "चांगला डबा हाय. टाकू कशाला?" मग मी तिच्या पायाशी वाकलो. सत्तराव्या वर्षी धाकट्या बहिणीच्या पायाशी. तिने पाय मागे घेतले. रागाने नाही, पण घेतले.

"मला नको सांगू दादा," ती म्हणाली. "मला म्हाईत हाय. ज्यांला म्हाईत नाय त्यांला सांग."

एवढंच. मग तिने मेथीच्या दोन जुड्या मामीसाठी पिशवीत भरून दिल्या आणि बस चुकेल म्हणून मला घालवायला फाटकापर्यंत आली.

सोबत निवेदन जोडलं आहे. त्यात लिहिलंय की १९९५च्या कॅसेटवर 'सात पायऱ्यांची शाळा' या गीतापुढे 'पारंपरिक' हा शब्द मी, सावळीराम पगारे, माझ्या हाताने लिहिला. तो खोटा आहे. गीत आणि चाल दोन्ही मालनबाई केदारे, राहणार निफाड, यांची आहे. आणि रेकॉर्डिंगच्या शेवटी ऐकू येणारं अक्षर हे त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर आहे. मूळ फॉर्म मी आज सकाळी रोहितकडून आणला, तोही सोबत आहे, अक्षर कोणीही ताडून बघावं. हे पाकीट मी रजिस्टरने पाठवतो आहे. कंपनीला एक प्रत आजच टाकली. ते मानतील की नाही माहीत नाही. मुंबईचे वकील आणखी काही विचारतील. विचारू दे, मी जिवंत आहे तोवर उत्तर द्यायला येईन, फक्त मोठ्याने विचारा म्हणावं.

सोळा तारखेला मी जाणार आहे. पुरस्कार घ्यायला नाही. पोर्टलवाल्या मुलीला मी काल सूनबाईला शेजारी बसवून फोनवर एवढंच सांगितलं की मला आधी दहा मिनिटं बोलायचं आहे आणि ते सगळं कापाकापी न करता दाखवा. ती खूश झाली, तिला वाटलं मी आठवणी सांगणार. हॉल भरलेला असेल, रील करणाऱ्या पोरीही येतील म्हणाली. संघर्षला कालच सगळं सांगितलं. तो म्हणाला, लोक तुम्हाला काय म्हणतील? मी म्हटलं, जे आहे ते म्हणतील. मामी मात्र रडली. तिला पत्रिकेवरचा माझा फोटो फ्रेम करायचा होता.

मालन येणार नाही. मी विचारलं होतं, ती म्हणाली तिला काम आहे. तू ये. माझी बाजू घ्यायला नको, मागे कुठे तरी बस. माझ्याकडून काही सांगायचं सुटलं, मी पुन्हा गुळमुळीत काही बोललो, 'चूक झाली', 'अनवधानाने', असं काही, तर उभी राहा आणि मला थांबव. मुलांच्या वह्या तपासतेस तसं. मला स्वतःचा अजून भरवसा नाही.

निवेदन मी सहा वेळा लिहिलं. पहिल्या पाचांत माझी कारणं होती. गरिबी होती, सोमनाथशेठ होता, तेव्हाचं जग तसं होतं. हे सहावं आहे. यात कारण एकही नाही.

तुझ्या आईच्या गाण्यावर पेटी धरणारा,
सावळीराम